सख्यांच्या मेळ्यातून रंगमंचाकडे

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जाऊन ‘इथे कलावंत बायका कोण?’ असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी ‘तसे कुणी नाही’ असेच उत्तर येईल. तोच प्रश्न थोडा फिरवावा. आराधाच्या गाण्यांना पुढे कोण असते, पंचमीच्या फेरात गाणे कोण उचलते, घरोघर जाती होती तेव्हा कुणाचा गळा गोड होता, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मुलींचे नाटक कोणत्या वर्षी बसले होते, असे विचारत जावे. मग नावे निघू लागतात आणि ती सुटी निघत नाहीत. ‘ती आणि तिची जाऊ’, ‘त्या तिघी मैत्रिणी’, ‘वेशीकडच्या बाया’ अशीच निघतात. एकत्र निघणाऱ्या या नावांचा नीट अभ्यास व्हावा, आणि या मातीतल्या तरुण अभ्यासकांनी तो हाती घ्यावा, या इच्छेने ही प्रस्तावना लिहिली आहे.

स्त्रियांची मंडळे, मेळे, फड, पार्ट्या आणि वसतिगृहे यांतून नाटक, गायन, नृत्य आणि लोककलेकडे आलेल्या स्त्रियांचा अभ्यास, असे या क्षेत्राचे वर्णन करता येईल. त्याची सामग्री नाट्येतिहासात आहे, लोकसाहित्यात आहे, संगीताच्या चरित्रांत आहे, समाजशास्त्रातही आहे, आणि बराच मोठा भाग अजून कागदावर आलेलाच नाही. म्हणून इथे येणाऱ्याला विशेष पूर्वतयारी लागत नाही. ऐकण्याची सवय असली आणि बायांच्या बोलण्यात बसायला संकोच वाटत नसला, तर सुरुवात होऊ शकते.

मराठी नाट्येतिहास वाचताना एक गोष्ट मला फार वर्षे खटकत आली आहे. पुरुषांचा इतिहास मंडळ्यांच्या नावाने लिहिला जातो: किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व. कोण कुणाच्या कंपनीत वाढला, कोण कुठे फुटून निघाला, कुणी कुणाला तालमीत घडवले, याची पूर्ण वंशावळ अभ्यासकांना पाठ असते. बायकांची पाळी आली की तोच इतिहास एकेकटीचा होतो. पहिली नाटककार, पडद्यावरची पहिली नटी, तिकीट लावून जाहीर गाणारी पहिली गायिका. ‘पहिली’ म्हटले की तिच्या आजूबाजूला कुणीच नव्हते असे चित्र उभे राहते, आणि ते चित्र चुकीचे आहे. मराठी मुलखात बाई रंगमंचावर आली ती बहुतेक वेळा दुसऱ्या बायांच्या सोबतीने आली. ती सोबत कशी जमली, कशावर टिकली आणि कशाने मोडली, हे या क्षेत्राचे मुख्य प्रश्न आहेत असे मी मानतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा स्त्रीपात्रे पुरुषांनीच वठवली. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे प्रतिष्ठित कंपन्यांत हीच रीत राहिली आणि बालगंधर्वांच्या रूपाने तिने शिखर गाठले. याच काळात केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या महाराष्ट्रात फिरत होत्या, हे मात्र सामान्य वाचकाला सांगावे लागते. बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळी होती, मनोहर स्त्री संगीत मंडळी होती. या मंडळ्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करत. फेटा बांधून, तलवार लावून, पुरुषी आवाजात भाषणे म्हणत बाई रंगमंचावर वावरत होती आणि लोक तिकिटे काढून ते पाहत होते. बालगंधर्वांच्या शालूची, पदर सावरण्याच्या लकबीची वर्णने आपल्याकडे पानोपानी आहेत. बाईने उभ्या केलेल्या नायकाची चाल कशी होती, हे सांगणारी पाने शोधावी लागतात. नीरा आडारकर यांनी १९९१ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १८४३ ते १९३३ या काळातल्या मराठी रंगभूमीवरच्या स्त्रियांचा शोध घेणारा लेख लिहिला. नव्या अभ्यासकाने तो लवकर वाचावा. रंगभूमीला जसजशी मध्यमवर्गीय प्रतिष्ठा येत गेली तसतशी गाणारी-नाचणारी बाई तिच्यातून बाजूला कशी सारली गेली, हे त्या लेखामुळे डोळ्यांसमोर येते.

या स्त्री-मंडळ्यांतल्या पुष्कळ जणी गाण्या-नाचण्यावर उपजीविका करणाऱ्या घरांतून आलेल्या होत्या. आई, मावशी, बहीण, मानलेली बहीण अशा नात्यांनी त्या बांधलेल्या होत्या. तालीम घरातच व्हायची. मुक्काम हलला की सगळा कुटुंबकबिला हलायचा. समाज त्यांचे नाटक बघायचा आणि त्यांच्या घरी पाणी प्यायला कचरायचा. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. तो प्रयोग महत्त्वाचाच होता. पण सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया पुरुषांबरोबर काम करू लागल्या, तोच ‘स्त्रियांचा रंगभूमीवरील प्रवेश’ म्हणून नोंदला जातो, आणि त्याआधीची काही दशके फेटे बांधून उभ्या राहिलेल्या बाया या प्रवेशाच्या बाहेर राहतात. हा अन्याय दुरुस्त करणे या क्षेत्राच्या पहिल्या कामांपैकी एक आहे.

दोन लेखिकांची उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली की मंडळाचे मोल कळते. हिराबाई पेडणेकर सावंतवाडीकडच्या, गाणाऱ्या घरातल्या. ‘जयद्रथविडंबन’ त्यांनी १९०४ साली लिहिले. त्यांचे ‘संगीत दामिनी’ १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. मुंबईत त्यांच्या घरी त्या काळच्या मोठ्या साहित्यिकांची ये-जा होती. एवढे असूनही त्या नाट्यव्यवहारातून बाजूला झाल्या, कोकणात पालशेतला जाऊन राहिल्या आणि १९५१ साली तिथेच वारल्या. पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले. दुसऱ्या गिरिजाबाई केळकर. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला उत्तर म्हणून त्यांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहिले, पुढेही नाटके लिहीत राहिल्या, आणि १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या आसनावर तोवर स्त्री बसलेली नव्हती. गिरिजाबाईंचे घर प्रतिष्ठित होते, न. चिं. केळकरांच्या कुटुंबातले होते, हा मोठा फरक आहेच. पण त्यांच्यामागे आणखी एक गोष्ट होती. जळगावला त्यांनी भगिनी मंडळ उभे केले होते. आठवड्यातून काही वेळ घराबाहेर पडणाऱ्या, वाचणाऱ्या, बोलणाऱ्या बायांचा घोळका त्यांच्या अवतीभवती होता. हिराबाईंच्या दिवाणखान्यात रसिक पुरुष होते, पण बरोबरीच्या बायांचे मंडळ नव्हते. प्रतिभेच्या बाबतीत मी हिराबाईंना एक पाऊल पुढे ठेवीन. तरीही नाट्यसंमेलनाच्या व्यासपीठापर्यंत पोचली ती मंडळ असलेली बाई, याकडे डोळेझाक करता येत नाही.

घराणी आणि मंडळे यांच्यातली सीमाही फार पुसट आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामती पुरुषाने केली, पण त्याच वर्षी, १९१३ साली, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई दोघी पडद्यावर आल्या. एक नव्हे, दोघी. पुढे कमलाबाई गोखले झाल्या. त्यांचा मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. या घराण्याचा उल्लेख बहुधा बापलेकांचे घराणे म्हणून होतो, पण त्याची सुरुवात मायलेकींनी केलेली आहे. हिराबाई बडोदेकरांचेही तसेच. आई ताराबाई माने, बहिणी कमलाबाई आणि सरस्वतीबाई राणे. हिराबाईंनी नाटक मंडळी काढली तेव्हा भावंडेच तिचा कणा होती, आणि सरस्वतीबाईंबरोबरची त्यांची जुगलबंदी ऐकलेल्यांनी दोन बाया एका मंचावर बरोबरीने कशा गातात ते अनुभवले.

जगात इतरत्र अशा अभ्यासाची सोय कशी झाली, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थिनींच्या भगिनीसंस्था असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात आणि त्यांची नावे ग्रीक अक्षरांची असतात. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली अल्फा कप्पा अल्फा स्थापन केली, १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा, १९२० साली झीटा फाय बीटा. नाटकात काम केल्याबद्दल टोनी पुरस्कार मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय प्रमुख अभिनेत्री फिलिशिया रशाद (२००४) ही अल्फा कप्पा अल्फाची. नाटक-चित्रपटांत आयुष्यभर काम केलेली रूबी डी ही डेल्टा सिग्मा थीटाची. लोकगीते, लोककथा आणि नाच गोळा करून ते रंगमंचावर आणणारी झोरा नील हर्स्टन झीटा फाय बीटाची. या संस्था आपल्या जुन्या सभासदांची यादी ठेवतात. कोण कुठे गेली, काय झाली, हे त्यांच्या दफ्तरात सापडते. आपल्याकडच्या मंडळांनी दफ्तरे क्वचितच ठेवली. शिवाय तिथली मुलगी कॉलेजात गेल्यावर संस्था निवडते. आपल्याकडची पुष्कळ मंडळे जन्माने, जातीने किंवा नवसाने वाट्याला येतात. हा भेद लक्षात ठेवूनच पुढे जायला हवे.

आता बीडकडे. १९४८च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईच्या नाट्येतिहासाचे टप्पे त्यामुळे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नाट्यगृहे, शिक्षणसंस्था, मुलींच्या शाळा या सगळ्या इथे उशिरा आल्या. २००९ साली ८९वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बीडला झाले, रामदास कामत अध्यक्ष होते. नागर रंगभूमीने या जिल्ह्याकडे पाहिल्याचा तो मोठा प्रसंग. पण नाट्यगृह नसलेल्या काळातही बाया इथे गात होत्या, नाचत होत्या, सोंगे आणत होत्या. अंबाजोगाईचे नाव निघाले की मुकुंदराज आणि दासोपंत यांची आठवण होते, आणि व्हायलाच हवी. त्याच गावात योगेश्वरीच्या देवळात आराधाला बसणाऱ्या बायांच्या तोंडी जो गाण्यांचा साठा आहे, त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही.

आराधी मेळा ही मराठवाड्यातली बायांची एक जुनी संघटना आहे, असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, संबळ-तुणतुणे-झांजेची साथ, आणि एकीने ओळ उचलली की बाकीच्यांनी ती झेलायची. तुळजापूर आणि अंबाजोगाई ही त्यांची मोठी ठिकाणे. यात म्हातारी असते, नवी सून असते, टाकलेली असते, विधवा असते. घरात जिला आवाज चढवून बोलता येत नाही ती इथे भर देवळात गाते आणि अंगात आले तर थोरामोठ्यांना सुनावते. धर्माच्या अभ्यासकांनी याकडे श्रद्धा म्हणून पाहिले, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी रोग म्हणून पाहिले. रंगकर्माच्या दृष्टीने मात्र अजून फार कमी जणांनी पाहिले आहे. कोण कुणाकडून गाणे शिकली, मेळ्यातली ‘पुढची’ कशी ठरते, गाण्याचे पैसे कसे वाटले जातात, हे प्रश्न विचारले तर एक अख्खी शिक्षणपद्धती हाती लागेल.

माजलगावचे उदाहरण तर प्रत्येक अभ्यासकाने मनाशी ठेवावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. या कामात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार यांच्यासारख्या बायांनी तिथे बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्धावर ओव्या गायल्या. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहात २०१७ पासून हा ठेवा लोकांसमोर आला आणि आज कुणालाही ऐकता येतो. ऐकताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक म्हणजे या ओव्यांत जुनी चाल आणि नवा विचार एकत्र नांदतो. देवादिकांसाठी वापरली जाणारी चाल बायांनी बाबासाहेबांसाठी वळवून घेतली, आणि ते कुणी त्यांना शिकवलेले नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे जात्याला बहुधा दोघी बसतात. एक ओळ टाकते, दुसरी धरते. गाणाऱ्या एकीचे नाव नोंदले आणि समोरच्या बाईचे राहिले, तर अर्धी ओवी हरवली असे समजावे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. गळे मात्र अजून आहेत, आणि ते वयस्कर आहेत.

बीडमध्ये क्षेत्रकार्य करणाऱ्याने इथल्या ऋतूंचा हिशेब आधी करावा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, पाडव्याच्या सुमारास परततात. कोयत्याला नवरा-बायको जोडीने लागतात. म्हणजे गाणाऱ्या बायांचा मोठा घोळका वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतोच. श्रावणात पंचमीला त्या असतात, नवरात्रात असतात. मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव भरतो तेव्हा टोळीवरच्या बाया फडात उसाच्या मोळ्या बांधत असतात. गावातल्या मेळ्याचे काय होते आणि कारखान्यावरच्या खोप्यांत नवा मेळा जमतो का, हा प्रश्न माझ्या माहितीत कुणी अजून पुरता धसास लावलेला नाही. ज्याला किंवा जिला प्रबंधाचा विषय हवा असेल, त्यांनी हा घ्यावा.

फड हा शब्द उसाचा आणि तमाशाचा, दोन्हीचा. तमाशाच्या फडाबद्दल इथे विस्ताराने बोलायला हवे, कारण बायांच्या संघटित रंगकर्माचे ते सर्वांत मोठे आणि सर्वांत बदनाम केलेले रूप आहे. ढोलकीच्या फडाचे मालक बहुधा पुरुष होते, तरी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी फडाला आपले नाव दिले, त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड चालवला, कांताबाई सातारकरांनी चालवला. संगीत बारीची गोष्ट वेगळी आहे. तिथे बायांच्या पार्ट्या असतात, पार्टी मालकिणीच्या नावाने ओळखली जाते, आणि पेटी-ढोलकी-तबल्याची माणसे तिच्या हाताखाली असतात. बीडच्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेले जामखेड, तिकडे मोडनिंब, चौफुला ही कला केंद्रांची ठिकाणे. एका पार्टीत आई, बहिणी, भाच्या असतात. कुणाच्या लेकराची फी कुणाच्या कमाईतून भरली जाते, याचा हिशेब बाहेरच्याला सांगून समजत नाही. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक (२०१४) आणि सावित्री मेधातुल यांच्यासह त्यांनी केलेले काम या विश्वात शिरण्याचा चांगला दरवाजा आहे. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांची बैठकीची लावणी वयाच्या नव्वदीपुढेही तितकीच जिवंत होती.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या बायांचे एकत्र असणे सुंदर आहे म्हणून त्यामागची सक्ती झाकता येत नाही. कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग या जातींतल्या मुलींच्या पायात चाळ बांधले गेले ते त्यांना विचारून नाही. खंडोबाला सोडलेल्या मुरळीने जागरणात नाचण्याचा निर्णय स्वतः घेतला नव्हता. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचल्याशिवाय कुणी फडातल्या भगिनीभावाचे गोडवे गाऊ नयेत. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतांवर लिहिलेल्या शोधलेखात जात, लैंगिकता आणि करमणुकीचा बाजार यांचे धागे उलगडून दाखवले आहेत, तेही वाचावे. मग सुषमा देशपांडे यांच्या ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ या प्रयोगाकडे यावे. तमाशातल्या बायांशी बोलून, त्यांचे जगणे ऐकून तो उभा राहिला आहे. संत स्त्रियांवरचा त्यांचा ‘बया दार उघड’ हा प्रयोगही याच वाटेवरचा. जनाबाईचे गंगाखेड बीडच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातले, म्हणून इथल्या विद्यार्थिनींना तो अधिक जवळचा वाटेल.

स्वेच्छेने जमलेल्या मंडळांचे मराठीतले ठळक उदाहरण मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेचे आहे. १९७५ साली ही संघटना सुरू झाली, आणि १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ तिने रंगमंचावर आणले. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाया त्यात काम करत. नेपथ्य जवळजवळ नाही, गाणी लोकांच्या चालींवरची, प्रयोग कुठेही उभा राहणारा. पुढे गावोगावच्या मंडळांनी हे नाटक आपापल्या तोंडी घेतले. बीडच्या वाचकाला या नाटकाचे नाव नुसते वाचून पुढे जाता येणार नाही. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. ज्या जिल्ह्यात मुलगी जन्मालाच येऊ नये असा बंदोबस्त झाला, तिथे बायांच्या गाण्याचा, नाटकाचा इतिहास लिहिणे हे मला निव्वळ विद्यापीठीय काम वाटत नाही. अंबाजोगाईत प्रा. शैला लोहिया यांनी मनस्विनी महिला प्रकल्प उभा केला. त्या मराठीच्या अध्यापक आणि लेखिका होत्या, आणि बाईचे दुःख व बाईचे गाणे एकाच अंगणात असते हे त्यांच्या कामातून शिकण्यासारखे आहे. या जिल्ह्यातल्या अभ्यासकाला आपली पूर्वसूरी म्हणून त्यांच्याकडे पाहता येईल.

राहता राहिल्या कॉलेजच्या मुली. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, केज इथल्या महाविद्यालयांतून मुली विद्यापीठाच्या युवक महोत्सवात येतात. एकांकिका, प्रहसन, लोकनृत्य, लावणी, पोवाडा, सगळे करतात. वसतिगृहाच्या खोलीत रात्री तालीम होते, एकीचा परकर दुसरीला, एकीची नथ तिसरीला. ज्या अर्थाने अमेरिकेतली मुलगी आपल्या भगिनीसंस्थेची आठवण सांगते, त्या अर्थाने आपल्या मुलींना ही तालीम आठवते. आणि मग लग्न होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास होते. महोत्सवात पोचणारी मुलगी ही त्या मानाने भाग्याची. तरीही बक्षीस घेतानाच्या एखाद्या फोटोतल्या सहाजणींपैकी पुढे मंचावर किती उरल्या, हे कुणी शोधलेले नाही. शाळेत शिक्षिका होऊन स्नेहसंमेलनाची नाटके बसवणारी, अंगणवाडीत गाणी रचणारी, कीर्तनाला उभी राहणारी, बचत गटाच्या मेळाव्यात पथनाट्य लिहिणारी, या सगळ्या त्या फोटोतल्याच असतात. ‘कारकीर्द’ म्हणजे फक्त मुंबईला जाऊन मालिकेत दिसणे, अशी व्याख्या धरली तर बीडच्या वाट्याला फार थोडे येईल. ती व्याख्याच रुंद केली पाहिजे, आणि अभ्यासक तसे करणार नसतील तर दुसरे कुणी करणार नाही.

वाचनासाठी दोन नावे आणखी सुचवतो. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यात बसून लोककलावंतांच्या जमातींचा, त्यांच्या भाषेचा आणि लोकरंगभूमीचा आयुष्यभर अभ्यास केला. तारा भवाळकर यांनी लोकसाहित्यातल्या बाईला स्वतःचा आवाज आणि स्वतःचे तत्त्वज्ञान असते हे मराठी वाचकाला पटवून दिले. मांड्यांकडून माणसांत कसे बसावे ते घ्यावे, ताराबाईंकडून बाईच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा ते घ्यावे. मतभेद पुढे होतीलच, व्हावेतही.

कामाच्या पद्धतीबद्दल माझा आग्रह थोडाच आहे, पण पक्का आहे. मोबाइल हातात असल्यामुळे ध्वनिमुद्रण सोपे झाले आहे, आणि त्यामुळेच जपून करायला हवे. गाणाऱ्या बाईला आधी विचारावे, कशासाठी मुद्रण करतो ते सांगावे, आणि तिने ‘हे बाहेर देऊ नका’ म्हटलेले गाणे बाहेर देऊ नये. आराधातली, जागरणातली काही गाणी ठरावीक वेळीच म्हणायची असतात, त्यांची फर्माईश करू नये. फडावर किंवा कला केंद्रावर गेलात तर कलावंताच्या वेळेचे मोल द्यावे. तिचा वेळ हीच तिची भाकरी असते. नोंदीत तिचे सासरचे नाव लिहून थांबू नये. माहेर लिहावे, कारण गाणी बहुधा माहेराहून येतात. कुणाकडून शिकली ते लिहावे, आणि सोबत गाणाऱ्या प्रत्येकीचे नाव लिहावे.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना, माझी एक विनंती आहे. येत्या श्रावणात आपल्या आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना त्या कोणाबरोबर गात होत्या ते विचारा. त्या मेळ्यातल्या जेवढ्या बाया हयात आहेत त्यांना एकदा एका ओसरीवर बसवा, त्यांची परवानगी घेऊन ऐका, लिहून काढा. वहीची एक प्रत त्यांच्या घरी द्या आणि दुसरी तालुक्याच्या वाचनालयात ठेवा.